ऑटोईक्यू आणि इक्वलायझर एपीओ: खर्ज सुधारतो, वरच्या पट्टीत मात्र स्वतःचा कान लावा

हेडफोनच्या आवाजात खोट असली की ती निस्तरायचे दोन मार्ग. एक तर दुसरा हेडफोन घ्यायचा, नाहीतर आहे त्याच हेडफोनला जाणारा सिग्नल आधीच उलट्या बाजूने वाकवून पाठवायचा. हे दुसरं काम फुकटात करणारी जोडी म्हणजे ऑटोईक्यू आणि इक्वलायझर एपीओ. ऑटोईक्यू हेडफोनच्या मोजमापावरून दुरुस्तीचे आकडे काढून देतं आणि इक्वलायझर एपीओ ते आकडे विंडोजमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाला लावतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. २० हर्ट्झपासून साधारण ५ किलोहर्ट्झपर्यंत ही दुरुस्ती बहुतेक हेडफोनांना बेधडक लावावी इतकी चांगली आहे. त्याच्या वर तिला कच्चा मसुदा समजा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. खालचा खर्ज 'जास्तच वाटतोय' म्हणून कापतात आणि ९ किलोहर्ट्झवरचा सुईसारखा फिल्टर (ठरावीक पट्टीतला आवाज उचलणारी किंवा कापणारी एकेक दुरुस्ती) 'शास्त्रीय आहे' म्हणून तसाच ठेवतात. मग दोन दिवसांत आवाज कृत्रिम वाटतो म्हणून सगळंच बंद करून टाकतात.

आकडे येतात कुठून

ऑटोईक्यू हा याको पासानेन यांचा मुक्तस्रोत प्रकल्प. त्यात हजारो हेडफोनांची मोजमापं गोळा केलेली आहेत. ही मोजमापं कृत्रिम कानावर घेतलेली असतात, म्हणजे रबरी कर्णपाळी, आत ठरावीक मापाची नळी आणि नळीच्या टोकाला मायक्रोफोन. मोजलेल्या आलेखातून (कोणत्या पट्टीत आवाज किती, त्या रेषेतून) अपेक्षित आलेख, म्हणजे टार्गेट, वजा केला की चूक उरते. ती उलटी करून थोडी गुळगुळीत करायची आणि तिच्यावर आठ-दहा फिल्टर बसवायचे, एवढाच कारभार. वेब ॲपमध्ये हेडफोनचं नाव टाका, वापरणार आहात तो इक्वलायझर निवडा आणि फाइल उतरवून घ्या. काम दोन मिनिटांचं.

पण या दोन मिनिटांतच दोन निर्णय होऊन जातात आणि ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाहीत. पहिला, मोजमाप कोणाचं. एकाच हेडफोनचं नाव यादीत तीन-चार वेळा दिसतं, कारण वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या यंत्रावर तो मोजलेला असतो. कृत्रिम कान सारखे नसतात. ग्रास कंपनीचा वेगळा, ब्रुएल अँड केअरचा ५१२८ हा नवा कान आणखी वेगळा. एका कानावरचं मोजमाप आणि दुसऱ्या कानासाठी आखलेला अपेक्षित आलेख अशी खिचडी केली, तर दोन यंत्रांमधला फरकच 'हेडफोनची चूक' म्हणून दुरुस्तीत शिरतो. वेब ॲप स्वतःहून जोडी नीट लावतं. हाताने टार्गेट बदलायला गेलात तरच घोळ होतो. इअरफोनांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या मोजमापांत सर्रास वापरला जाणारा आयईसी ६०३१८-४ मानकाचा कान १० किलोहर्ट्झपर्यंतच ग्राह्य धरलेला आहे. शिवाय त्यात ८ किलोहर्ट्झच्या आसपास दिसणारा उंचवटा हा पुष्कळदा इअरफोनचा नसून नळीतल्या अनुनादाचा असतो. इअरफोन किती आत सारला त्यावर तो पुढेमागे सरकतो.

दुसरा निर्णय, अपेक्षित आलेख कोणता. कानावरून घेतल्या जाणाऱ्या हेडफोनांसाठी सहसा हरमनचा २०१८चा आलेख वापरतात. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांना आवाज ऐकवून, त्यांच्या पसंतीवरून तो काढला. म्हणजे तो 'खरा आवाज' नव्हे, 'बहुतेकांना बरा वाटणारा आवाज' आहे. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात सुमारे ६४ टक्के श्रोत्यांना हा आलेख तसाच आवडला, १५ टक्क्यांना याहून जास्त खर्ज हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. तेव्हा खर्ज दोन-तीन डेसिबलनं वरखाली करणं म्हणजे दुरुस्ती बिघडवणं नव्हे. मूळ आलेखातच तेवढी मोकळीक आहे. ऑटोईक्यूमध्ये त्यासाठी वेगळी सरकपट्टी दिलेली आहे, ती वापरा. फिल्टरांच्या यादीत हाताने ढवळाढवळ करण्यापेक्षा ते सोपं.

बसवताना

इक्वलायझर एपीओ बसवताना शेवटी यंत्रांची यादी समोर येते. तुम्ही प्रत्यक्ष ज्यातून ऐकता त्याच आउटपुटवर खूण करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू न करता 'काही फरकच नाही' म्हणणारे बरेच असतात. एपीओ ही ध्वनिप्रक्रियेच्या साखळीत घुसणारी कडी आहे आणि ती कडी ध्वनिसेवा नव्याने सुरू झाल्यावरच बसते.

त्यानंतर कॉन्फिगरेशन एडिटर उघडा. त्यात नमुन्यादाखल आलेल्या ओळी आधी काढून टाका. त्यांच्यात स्वतःचा प्रीॲम्प, म्हणजे एकूण आवाज आधीच खाली घेणारा आकडा, असतो. त्या तशाच ठेवून खाली आपली फाइल जोडली की आवाज दोनदा खाली जातो आणि 'ईक्यूनं (इक्वलायझरनं) जीवच गेला' अशी तक्रार सुरू होते. आता इन्क्लूडच्या ओळीने ऑटोईक्यूची फाइल जोडा. त्याच संगणकाला स्पीकरही जोडलेले असतील आणि त्यांच्यावरही एपीओ बसवलं असेल, तर वर डिव्हाइसची ओळ टाकून दुरुस्ती हेडफोनपुरती मर्यादित करा. हेडफोनची दुरुस्ती स्पीकरवर ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं.

सगळं झाल्यावर पहिली चाचणी संगीताची नाही. प्रीॲम्प क्षणभर उणे ४० डेसिबल करा. आवाज जवळपास गेला तर एपीओ चालू आहे. तसाच राहिला तर फिल्टर कितीही सुंदर असोत, ते कुठेही लागलेले नाहीत. अशा वेळी कारण बहुधा यांपैकी एक असतं. ध्वनियंत्राच्या गुणधर्मांत 'एन्हान्समेंट्स' बंद केलेली असतात आणि एपीओ त्याच दाराने आत येतं. किंवा प्लेअर एक्सक्लूझिव्ह मोडमध्ये नाहीतर एएसआयओवर चालत असतो. हे दोन्ही थेट ध्वनियंत्राशी बोलणारे रस्ते एपीओला वळसा घालून जातात आणि त्यावर एपीओकडे इलाज नाही. किंवा ध्वनियंत्राच्या ड्रायव्हरच्या (ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नाहीतर विंडोजच्या अपडेटने एपीओची नोंद पुसलेली असते. डिव्हाइस सिलेक्टर पुन्हा उघडून खूण केली की काम होतं. तरीही जमलं नाही, तर त्याच खिडकीत खाली ट्रबलशूटिंगचे पर्याय आहेत. तिथे बसवण्याची पद्धत बदलून पाहा. काही ड्रायव्हरांना एकच पद्धत मानवते.

ब्लूटूथ हेडसेटचं दुखणं वेगळंच. कॉल सुरू झाला, मायक्रोफोन जागा झाला की विंडोज हँड्सफ्री मोडमध्ये जाऊ शकतं. मग आवाज फोनवरून आल्यासारखा होतो आणि दोष ईक्यूला दिला जातो.

पीस हे एपीओवरचं वेगळं, जास्त देखणं आवरण. सरकपट्ट्या आवडत असतील तर ते घ्या. पण मग एडिटरमध्ये हाताने काही लिहू नका, कारण पीस स्वतःची मांडणी लिहितं आणि तुमच्या ओळी त्यात पुसल्या जातात. दोन्हींपैकी एक निवडा. ओळींची फाइल वाचायची भीती वाटत नसेल तर आमचा कौल नुसत्या एडिटरला. प्रत्येक ओळीला चालू-बंदचं बटण आहे, बदल लगेच कानाला कळतो आणि खाली एकूण आलेख दिसतो.

एक यादी जवळून

समजा पाठ उघडी असलेल्या एखाद्या हेडफोनसाठी हाताने बनवलेली अशी यादी हाती आली: प्रीॲम्प उणे ६. पहिला फिल्टर लो शेल्फ, १०५ हर्ट्झ, अधिक ६, क्यू ०.७. दुसरा पीक, १८० हर्ट्झ, उणे २.६, क्यू ०.६. तिसरा १३०० हर्ट्झ, उणे १.२, क्यू १.८. चौथा ३२०० हर्ट्झ, उणे २, क्यू २. पाचवा ५६०० हर्ट्झ, अधिक ३.१, क्यू ३.५. सहावा ८८०० हर्ट्झ, उणे ६.४, क्यू ५.२. शेवटी हाय शेल्फ, १० किलोहर्ट्झ, उणे २. अधिक-उणे आकडे डेसिबलचे. शेल्फ एका टोकाची सगळी पट्टी हलवतो, पीक एकाच जागेभोवतीची. क्यू जितका मोठा तितका फिल्टर अरुंद.

पहिले दोन एकत्र वाचायचे. लो शेल्फ खर्ज उचलतो. १०५ हर्ट्झवर तो निम्मा, म्हणजे ३ डेसिबल असतो आणि खाली जाता जाता पूर्ण ६ होतो. त्याची वरची शेपटी २००-३०० हर्ट्झपर्यंत पोचते आणि तिथे आवाज फुगायला लागतो. पुरुषी आवाज पोकळ, ढोलात बसून बोलल्यासारखा होतो. दुसरा फिल्टर ती शेपटी छाटतो. म्हणून 'खर्ज हवा, पण कापाकापी नको' म्हणून दुसरा बंद करून पहिला ठेवला की सगळंच घुमतं. हे दोघे जोडीनेच ठेवायचे.

तिसरा आणि चौथा साधे, रुंद आणि बिनधोक. ३ किलोहर्ट्झच्या आसपास माणसाच्या कानाचा स्वतःचा अनुनाद असतो. सुमारे अडीच सेंटिमीटरच्या नळीचा पाव-लहरीचा हिशेब तिथेच येतो. त्यामुळे हेडफोनने तिथे किती उचल द्यावी यावर गाण्याचा आवाज 'पुढे' येतो की 'मागे' जातो हे ठरतं. इथला दोन डेसिबलचा बदल सहज ऐकू येतो. व्हायोलिनचा चरचरीतपणा कमी झाला की हा फिल्टर काम करतोय असं समजा.

पाचवा संशयास्पद. अरुंद उचल आहे, म्हणजे कुठला तरी खड्डा भरण्याचा प्रयत्न. खड्डा जर कपाच्या आत आवाज परतून स्वतःलाच खोडतो म्हणून पडला असेल, तर तो भरून निघत नाही. तुम्ही जितका आवाज ओताल तितकाच परत खोडला जातो. फक्त आजूबाजूचा भाग वर येतो आणि हेडफोनच्या ड्रायव्हरवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्याच्या भागावर, भार पडतो. हा बंद करून ऐका. दहापैकी नऊ वेळा काहीच हरवत नाही.

खरा प्रश्न सहाव्याचा. ८८०० हर्ट्झवर क्यू ५.२ म्हणजे फिल्टरची रुंदी जेमतेम १७०० हर्ट्झ. मोजणाऱ्या यंत्रावर शिखर बरोबर ८८०० ला होतं म्हणून तो तिथे ठेवला. पण ८८०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साधारण ३.९ सेंटिमीटर. कप एक सेंटिमीटर पुढे सरकला की पाव लहरीचा फरक पडतो. तुमची कर्णपाळी रबरी कर्णपाळीसारखी नाही, तुमची कर्णनलिका त्या नळीच्या मापाची नाही. तुमचं शिखर ७९०० ला असू शकतं. तसं असेल तर फिल्टर शिखर सोडून शेजारची सपाट जमीन खणतो. शिखर जागेवरच, वर बाजूला नवा खड्डा. एकाच्या दोन चुका झाल्या. 'ईक्यू लावल्यावर झांज टिनपाटासारखी वाजते' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते. तिला तुमच्या कानाच्या घडीचं काही सोयरसुतक नसतं. खालची दुरुस्ती भरवशाची आणि वरची बेभरवशाची, ती यामुळे.

या बाबतीत ऑटोईक्यू हाताने बनवलेल्या कित्येक याद्यांपेक्षा शहाणं आहे. वरच्या पट्टीत ते आलेख मुद्दाम जास्त गुळगुळीत करतं आणि एकूण उचल मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे त्याच्या यादीत असे सुईसारखे फिल्टर क्वचित दिसतात. हाताने बनवलेल्या याद्या मध्यमपट्टीत पुष्कळदा जास्त बारकाईने केलेल्या असतात. मध्य त्यांचा, टोक ऑटोईक्यूचं अशी सांगड घातली तरी चालते, फक्त दोन्हींचं मोजमाप एकाच यंत्रावरचं असावं.

वरची पट्टी स्वतः कशी लावायची

टोन जनरेटर घ्या आणि आवाज अगदी हळू ठेवा. ५ किलोहर्ट्झपासून १२ किलोहर्ट्झपर्यंत सावकाश सरकत जा. कानाची संवेदनशीलता सगळीकडे सारखी नसतेच. त्यामुळे हळूहळू होणारे चढउतार सोडून द्या. एकदम टोचतं आणि दोन-तीनशे हर्ट्झ पुढे गेलं की ओसरतं, अशी जागा शोधा आणि आकडा लिहून ठेवा. मग हेडफोन काढून पुन्हा घाला आणि परत शोधा. असं तीनदा करा, डावा-उजवा कान वेगवेगळा.

तिन्ही वेळा आकडा जवळपास तोच आला तर यादीतला फिल्टर त्या जागेवर सरकवा. क्यू ३ च्या आसपास आणा आणि कपात यादीत आहे त्याच्या दोन-तृतीयांश ठेवा. आकडा दरवेळी पाचशे-सातशे हर्ट्झ इकडेतिकडे गेला, तर अरुंद फिल्टरचा नाद सोडा. क्यू १.५, उणे २ किंवा ३ डेसिबल आणि तो ८ किलोहर्ट्झच्या आसपास, एवढ्यावर भागवा. काटेकोर नाही, पण कप कसाही बसला तरी बिघडत नाही.

डीटी ९९० प्रोसारख्या, वरच्या पट्टीत ठळक शिखर असलेल्या हेडफोनवर या अर्ध्या तासाचं चीज होतं. झांजा आणि 'स'कार टोचायचे थांबतात आणि तानपुऱ्याची जवारी मात्र शाबूत राहते. सेनहायझरच्या एचडी ६५० वर वरच्या पट्टीत फारसं करण्यासारखं काही नाही. तिथे पहिले दोन फिल्टरच सगळी कमाई करून देतात. एचडी ८०० चं ६ किलोहर्ट्झजवळचं शिखर या दोन्हींच्या मधलं प्रकरण. तिथे अरुंद फिल्टर बऱ्याच कानांवर चालून जातो.

प्रीॲम्प, आणि स्वतःची फसवणूक

६ डेसिबल उचल म्हणजे दुप्पट व्होल्टेज, चौपट शक्ती. डिजिटल सिग्नलला वर जायला जागाच नसते. म्हणून सगळं आधी ६ डेसिबल खाली घ्यायचं आणि मग खर्ज वर काढायचा. नियम साधा: एकूण आलेखाचं सर्वांत उंच टोक जितकं शून्याच्या वर, तितका उणे प्रीॲम्प. एकेका फिल्टरचे आकडे बेरजेला धरू नका. एडिटरच्या तळाशी पीक गेन दिसतो, तो शून्याच्या खाली हवा. खर्ज ६ वरून ८ केला की प्रीॲम्पही उणे ८ करायचा. हेच विसरलं जातं. यात एक फसवी गोष्ट आहे. विंडोजच्या साखळीच्या शेवटी लिमिटर, म्हणजे मर्यादेबाहेर जाणारा आवाज दाबणारी कडी, असतो. त्यामुळे प्रीॲम्प चुकला तरी दरवेळी करकर ऐकू येत नाही. डग्ग्याची थाप नुसती बोथट होते आणि दोष हेडफोनवर जातो.

आता तुलना. दुरुस्ती बंद केली की प्रीॲम्पही जातो, आवाज मोठा होतो आणि मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. अशा तुलनेत ईक्यू हरणारच. म्हणून दुसरी फाइल बनवा, जिच्यात फिल्टर नाहीत, फक्त प्रीॲम्प आहे. पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्या असलेला धबधब्यासारखा आवाज) लावून दोन्ही फाइली आलटून पालटून ऐका आणि दुसरीचा प्रीॲम्प अर्ध्या-अर्ध्या डेसिबलनं हलवत दोन्हींचा मोठेपणा सारखा करा. बहुधा तो उणे ४ ते ५ च्या आसपास थांबेल. मगच गाणी लावा. पहिली दहा मिनिटं काहीही ठरवू नका. कानाला जुन्या रंगाची सवय असते आणि ९ किलोहर्ट्झचं शिखर गेलं की सुरुवातीला सगळं 'मंद' वाटतं. शिखराला लोक 'बारकावा' समजत असतात.

३०० ओहमचा, म्हणजे जास्त व्होल्टेज मागणारा, एचडी ६५० आणि फोनसोबतचा इवलासा डोंगल अशी जोडी असेल, तर प्रीॲम्पनंतर आवाज पुरणार नाही. ती ईक्यूची चूक नाही, पण ईक्यू लावण्याआधी त्याची सोय करून ठेवा.

आणि उचलीलाही हद्द आहे. उघड्या पाठीच्या डायनॅमिक ड्रायव्हरला ३०-४० हर्ट्झवर ६ डेसिबल जास्त दिले की पडद्याची हालचाल दुप्पट होते आणि विकृती वाढते. हळू आवाजात ते कळत नाही. आवाज चढवला की खर्जाला 'थडथड' येते. ती आली की शेल्फ ४ वर आणा. सपाट आलेखासाठी ड्रायव्हर रगडण्यात हशील नाही. याउलट चपट्या पडद्याचे प्लॅनर हेडफोन बहुधा हा भार तक्रार न करता उचलतात.

जे फिल्टरच्या हातात नाही

खर्जाची सगळी दुरुस्ती गृहीत धरते की कप कानाभोवती घट्ट बसला आहे. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये चष्म्याच्या काडीने पडलेली बारीक फटही खालचा खर्ज घालवते, आणि तो शेल्फ वाढवून परत येत नाही. आधी फट बुजवा. गाद्या झिजून चपट्या झाल्या की ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि आलेख बदलतो. दुसऱ्या कंपनीच्या गाद्या लावल्या तर यादी चक्क दुसऱ्या हेडफोनची झाली असं समजा. ऑटोईक्यूतलं मोजमाप मूळ, चांगल्या स्थितीतल्या गाद्यांचं असतं.

एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो. खाली थोडा, वर काही डेसिबल. डावा-उजवा तोल पाहायला मोनो पिंक नॉइज लावा. आवाज डोक्याच्या मधोमध यायला हवा. तो सरकलेला असेल तर हेडफोन उलटा घालून पाहा. आवाजही बाजू बदलत असेल तर दोष हेडफोनचा किंवा ॲम्पचा, तीच बाजू राहिली तर दोष कानाचा. एपीओत चॅनेलची ओळ टाकून एकाच बाजूला एखादा डेसिबल कमी करता येतो.

गोंगाट रोखणाऱ्या ब्लूटूथ हेडफोनांचं गणित आणखी वेगळं. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ सारख्या हेडफोनच्या आत स्वतःची प्रक्रिया असते आणि गोंगाटरोध चालू की बंद, ब्लूटूथ की वायर, यावर आवाज बदलतो. मोजमाप ज्या स्थितीतलं, दुरुस्ती त्याच स्थितीसाठी. हेडफोनच्या स्वतःच्या ॲपमधला ईक्यू आधी सपाट करा, नाहीतर दुरुस्तीवर दुरुस्ती चढते. या हेडफोनांचा फुगलेला खर्ज मात्र ऑटोईक्यू झकास आवरतं. उचल कमी आणि कपात जास्त, म्हणून प्रीॲम्पची किंमतही फारशी मोजावी लागत नाही.

आवाजाचा विस्तार, गाणं डोक्याबाहेर वाटणं, हे ईक्यूकडून मागू नका. ३ किलोहर्ट्झची उचल कमी केली की गायक थोडा मागे सरकतो, एवढंच.

पॅरामेट्रिक की कन्व्होल्यूशन

पॅरामेट्रिक, म्हणजे वरच्यासारखी एकेका फिल्टरची यादी, घ्या. फिल्टर दिसतात, एकेक बंद करता येतो, आणि नमुनादर (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४४.१ असो की ४८ किलोहर्ट्झ, एपीओ आकडेमोड स्वतः करतं. कन्व्होल्यूशनची, म्हणजे सगळी दुरुस्ती एकाच ठशात साठवणारी, वेव्ह फाइल नमुनादराला बांधलेली असते, यंत्राचा दर आणि फाइलचा दर एकच हवा. लिनिअर फेज (सगळ्या पट्ट्यांना सारखाच उशीर लावणारी पद्धत) ऐकायला भारदस्त वाटतं, पण ४८ किलोहर्ट्झवर अशी ४०९६ टॅपची (नमुन्यांची) फाइल सुमारे ४३ मिलिसेकंदांचा उशीर लावते आणि ठोक्याच्या आधी पुसटसा पूर्वनाद सोडते. हेडफोन बहुतांशी मिनिमम फेज असतात, त्यांच्यात पातळी आणि फेज (लहरींची वेळ) एकमेकांना बांधलेले असतात. म्हणजे मिनिमम फेज फिल्टरने पातळी सुधारली की फेजही आपोआप जागेवर येतो. लिनिअर फेजने उलट तो तसाच राहतो. हेडफोनसाठी ते महागडं आणि उगाचचं.

दुसरे पर्याय

सोनारवर्क्सचं साउंडआयडी रेफरन्स विकतचं आहे. त्यात हेडफोनांची तयार प्रोफाइलं, शिवाय नगागणिक मोजून घेतलेल्या हेडफोनांचीही सोय. फिल्टरचा प्रकार निवडता येतो आणि दुरुस्ती किती टक्के लावायची हेही ठरवता येतं. मिक्सिंग करणाऱ्यांना ते सोयीचं, आणि तुमच्याच नगाचं मोजमाप हा त्यातला खरा पैसे द्यावेत असा भाग. नुसत्या सरासरी प्रोफाइलसाठी पैसे मोजायचं कारण दिसत नाही. डॉमध्ये (ध्वनिमुद्रण-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्लगइन म्हणून लावलंत तर एक्सपोर्टच्या वेळी आठवणीने बंद करा, नाहीतर तुमच्या हेडफोनची उलटी खोट मिक्समध्ये कायमची भाजली जाते.

अँड्रॉइडवर वेव्हलेट. ऑटोईक्यूची यादी आतच आहे, नाव शोधा आणि चालू करा. काही प्लेअर आपला ध्वनिसत्राचा पत्ता जाहीर करत नाहीत, तिथे ते लागू होत नाही. लिनक्सवर ईझीइफेक्ट्स एपीओच्या धाटणीची फाइल थेट वाचतं. मॅकवर साउंडसोर्स किंवा ईक्यूमॅक. आयफोनवर सगळ्या ॲपांना लागणारा पॅरामेट्रिक ईक्यू नाही, तिथे यंत्रातला ईक्यूच हवा. क्यूडेलिक्स ५के सारख्या छोट्या डॅकमध्ये (डिजिटल सिग्नलचा आवाज करणाऱ्या यंत्रात) फिल्टर यंत्राच्या आतच साठतात. मग एक्सक्लूझिव्ह मोड, एएसआयओ, फोन, कशाचीच फिकीर नाही. आरएमईच्या एडीआय-२ डॅकमध्ये पट्टे, म्हणजे फिल्टरच्या जागा, पाचच आहेत. अशा वेळी दहाच्या यादीतले पाच आपल्या मनाने उचलू नका. ऑटोईक्यूला इक्वलायझरचे पट्टे पाच आहेत असं सांगा, ते पाचात बसणारी नवी मांडणी काढून देतं. दहांमधले फिल्टर एकमेकांच्या शेपट्या सावरत असतात. त्यातले पाच काढले की उरलेले पाच भलतंच काही करतात.